आई मंगल कार्यालयात पडली आणि आम्ही ग्राहक आयोगात गेलो

लग्नात कुणी पडलं तर आमच्याकडे पहिल्यांदा विचारतात, "कशा काय पडल्या?" मग विचारतात, "वय काय?" वय सत्तरीच्या आसपास सांगितलं की ऐकणारा मान हलवतो आणि विषय संपतो. ती जागा कुणाची होती, पायरीवर पाणी कुठून आलं, धरायला कठडा का नव्हता, हे कुणी विचारत नाही. आम्ही विचारलं. त्याचं पुढे काय झालं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण आयोगाचा निकाल लागल्यापासून अमळनेर, चोपडा, पारोळा या बाजूच्या ओळखीच्या-अनोळखी बऱ्याच जणांनी फोन करून "नेमकं काय काय केलं?" असं विचारलं आहे. कार्यालयाचं किंवा गावाचं नाव मी लिहिणार नाही. निकाल पाळला गेला आहे, त्यामुळे ते आता गरजेचंही नाही.

२०२३ च्या मे महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. मावसभावाला आम्ही सगळे बापू म्हणतो. कार्यालय मोठं आणि नवं होतं. लग्नाचा हॉल वरच्या पातळीवर आणि जेवणाची जागा मागच्या शेडमध्ये, थोडी खाली. हॉलमधून शेडमध्ये उतरायला तीन पायऱ्या. काळ्या, चकचकीत पॉलिशच्या ग्रॅनाइटच्या. कडेला खाचा नाहीत, पट्टी नाही, दोन्ही बाजूंना कठडा नाही. वरच्या पायरीला लागूनच पाण्याच्या जारचं टेबल मांडलेलं. मे महिना, बाहेर अंगाची लाही होत होती, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथे थांबून पाणी पीत होता. ग्लासातलं, जारच्या तोटीतलं पाणी सांडून पायऱ्यांवर ओघळत होतं. काळ्या ग्रॅनाइटवर पाणी दिसत नाही, फक्त चमक वाढते. आई जेवायला म्हणून खाली उतरत होती. शेवटच्या पायरीवर तिचा पाय सटकला आणि ती डाव्या कुशीवर पडली. ती उठेना. चार जणांनी खुर्चीत बसवून गाडीपर्यंत नेली. धुळ्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, तेव्हा मांडीचं हाड खुब्याजवळ मोडल्याचं कळलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलावा लागला.

पुढे जे काही साधलं त्याचा पाया पहिल्या दोन दिवसांत घातला गेला, आणि तो माझ्या भाच्यानं घातला. तो जळगावला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतो. आम्ही सगळे दवाखान्यात धावलो, तेव्हा तो मागे थांबला. पायऱ्या ओल्या असतानाचे, पाण्याच्या टेबलासकट फोटो त्यानं मोबाइलवर काढले आणि मग मांडववाल्याकडून टेप मागून पायऱ्या मोजल्या. वरच्या दोन पायऱ्यांची उंची सहा-सहा इंच होती. शेवटची, जिच्यावरून आई पडली ती, साडेआठ इंच. शेडची फरशी नंतर टाकली आणि पातळी जुळली नाही, त्याचा हा परिणाम असावा. टेप लावलेल्या अवस्थेत त्यानं तिन्ही पायऱ्यांचे फोटो घेतले. जिना उतरताना पाय पहिल्या दोन पायऱ्यांचा अंदाज घेतो आणि तिसरी तशीच असेल असं धरून खाली जातो. तिथे अडीच इंच जास्त खोल निघालं की तोल जातो, आणि खाली पाणी असलं तर सावरायला काहीच उरत नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराबाहेरच्या इमारतींसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा इंच, सांगितली आहे. भाच्याला हे अभ्यासामुळे माहीत होतं. आयोगासमोर हा एक आकडा आम्हाला फार उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट दवाखान्याच्या कागदाची. भरती करताना केसपेपरवर डॉक्टरांनी "पाय घसरून पडल्या" एवढंच लिहिलं होतं. ओळखीच्या एका वकीलसाहेबांना मी फोन केला, तेव्हा ते लगेच म्हणाले, "कुठे पडल्या ते लिहून घ्या. घरी पडल्या असं उद्या समोरचा म्हणेल." आम्ही डॉक्टरांना विनंती केली. त्यांनी "अमुक गावच्या मंगल कार्यालयात जेवणाच्या हॉलच्या पायरीवर" असं नोंदवलं आणि तारीख-वेळ घातली. पुढे समोरच्या बाजूनं खरंच असा प्रश्न काढला की आई तिथे पडल्याचा पुरावा काय. हा कागद होता म्हणून तो मुद्दा तिथेच मिटला. अपघातानंतर दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येकानं हा एक शब्द तरी कागदावर येतो की नाही ते पाहावं, एवढी कळकळीची विनंती आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयाच्या मालकाला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. जेवणाच्या शेडमध्ये कॅमेरा होता. त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा, पुसू नका, अशी त्यात मागणी होती. उत्तर आलं नाही. नंतर त्यांनी लेखी खुलाशात म्हटलं की चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पण पत्राची पोच आमच्याकडे होती आणि तिच्यावरची तारीख पंधरा दिवसांच्या आतली होती. आयोगानं निकालात याचा स्वतंत्र उल्लेख केला.

आता कायद्याकडे येतो, कारण इथेच लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो.

इंग्लंडमध्ये १९५७ सालापासून जागेच्या ताबेदारानं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी वाजवी काळजी घ्यावी, असा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा एकच, नेमका कायदा नाही. म्हणून मालक मोकळा आहे असं मात्र नाही. दिवाणी कायद्यातलं निष्काळजीपणाचं तत्त्व इथेही लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं ते वेळोवेळी लावलं आहे. वकीलसाहेबांनी मला पहिलं उदाहरण दिलं ते दिल्लीच्या चांदणी चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याचं. तो पडून माणसं दगावली. १९६६ च्या निकालात न्यायालयानं पाहिलं की मनोरा ८० वर्षांचा होता आणि ज्या चुन्या-मातीच्या कामानं तो बांधला होता त्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. मालकी आणि ताबा दिल्ली महापालिकेकडे. मग निष्काळजीपणा झाला हे मेलेल्यांच्या नातेवाइकांनी सिद्ध करायचं नाही; झाला नाही हे ताबेदारानं सिद्ध करायचं, कारण अशी इमारत जपली असती तर ती पडली नसती. घटनाच स्वतःबद्दल बोलते. उपहार चित्रपटगृहाचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. १३ जून १९९७ रोजी आगीत आणि धुरात ५९ माणसं गेली. तिथे तिकीट काढून आलेले लोक बाहेर पडू शकले नाहीत, कारण बाहेर पडायच्या वाटाच अडलेल्या होत्या. नुकसानभरपाईची मुख्य जबाबदारी चित्रपटगृहाच्या चालकांवर आली.

हे मोठे अपघात. आमचा एक पाय. पण तत्त्व तेच आहे, असं वकीलसाहेबांचं म्हणणं होतं: जागा ज्याच्या ताब्यात, तिथला धोका दूर करण्याची ताकद त्याच्याच हातात, म्हणून जबाबदारीही त्याची. पाहुण्याला त्या पायरीला कठडा लावता येत नाही, पाण्याचं टेबल हलवता येत नाही, मॅनेजरला हुकूम देता येत नाही. तो फक्त चालत येतो.

फौजदारी वाटही होती. त्या वेळी भारतीय दंड संहितेचं कलम ३३८ लागू होतं: निष्काळजी कृत्यानं गंभीर दुखापत केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये हे आलं आहे आणि गंभीर दुखापतीसाठी शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत वाढला आहे. आम्ही ती वाट घेतली नाही. फौजदारी खटल्यात निष्काळजीपणा फार घोर असल्याचं दाखवावं लागतं, आणि आम्हाला कुणाला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. दवाखान्याचा खर्च भरून हवा होता आणि त्या पायऱ्या नीट व्हायला हव्या होत्या. ही दुसरी मागणी आईची. ती पहिल्यापासून अडून बसली होती की पैसे मिळोत न मिळोत, तिथे दांडी लागली पाहिजे.

मग ग्राहक आयोग. माझी पहिली शंका साधी होती. हॉलचं भाडं बापूंनी भरलं होतं, पावती त्यांच्या नावावर. आईनं तर एक पैसाही दिला नव्हता, उलट आहेर घेऊन गेली होती. ती ग्राहक कशी? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम २(७) इथे कामाला येतं. पैसे देऊन सेवा घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीनं त्या सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक धरला जातो. लग्नाचा पाहुणा म्हणजे त्याचंच उदाहरण. बापूंनी हॉल घेतलाच मुळी पाहुण्यांसाठी.

दुसरी शंका जिल्ह्याची. कार्यालय धुळे जिल्ह्यात, आम्ही अमळनेरचे, म्हणजे जळगाव जिल्हा. जुन्या कायद्यात समोरचा पक्ष जिथला किंवा घटना जिथली, तिथे जावं लागायचं. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. आईला वॉकर घेऊन धुळ्याला ने-आण करायची वेळ आली नाही, ती या तरतुदीमुळे. अमळनेरहून जळगाव रेल्वेनं सोयीचं पडतं.

फीचं म्हणाल तर, ज्या सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत आहे तिच्या तक्रारीला फी नाही. इथे मोजायची ती दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नाही. हॉलचं भाडं पाच लाखांच्या कितीतरी खाली होतं. जिल्हा आयोगाची मर्यादाही आता याच रकमेवरून ठरते, पन्नास लाखांपर्यंत. आणि मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील द्यावाच असंही बंधन नाही. तक्रारीचा मसुदा वकीलसाहेबांनी तपासून दिला आणि आईच्या वतीनं अधिकारपत्रावर मी स्वतः उभा राहिलो.

कायद्याच्या या शंका फिटल्या, पण घरातलं अवघड होतं.

आई पहिल्यांदा ऐकेचना. "जाऊ दे भाऊ, सोयरासमा कज्या कशाले?" सोयऱ्यांत भांडण कशाला, एवढंच तिनं अहिराणीत म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिच्या मनात होतं की मुलीच्या लग्नाचा विषय कोर्टात जाणार, मुलीच्या सासरचे लोक काय म्हणतील. नातेवाइकांतही कुजबूज सुरू झाली. एका जवळच्या माणसानं मला तोंडावर सांगितलं की पाहुणा म्हणून गेलात, जेवलात, आणि आता केस करता. मला याचं फार वाईट वाटलं. कारण जिथे केस होती तो कार्यालयाचा मालक ना आमचा सोयरा होता ना यजमान. तो भाडं घेऊन जागा देणारा धंदेवाईक माणूस. यजमान तर बापू होते आणि तेही आमच्याइतकेच फसले होते: भाडं मोजून घेतलेल्या जागेत त्यांच्या मावशीचा पाय मोडला.

हा तिढा बापूंनीच सोडवला. ते अमळनेरला आले, आईच्या पलंगाजवळ बसले आणि म्हणाले, "मावशी, हॉल मी घेतला. त्या दिवशी दुसऱ्या कुणाची आई पडली असती तर मी काय केलं असतं? तू केस कर, शपथपत्र मी देतो." त्यांनी भाड्याची पावती, अनामत रकमेची पावती आणि कार्यालयाचा छापील नियमांचा कागद आणून दिला. या कागदातला एक नियम फार महत्त्वाचा निघाला: स्वयंपाक आणि पाण्याची व्यवस्था फक्त कार्यालयाच्या ठरलेल्या केटररकडूनच घ्यावी लागेल.

तक्रार आम्ही ग्राहक आयोगाच्या ई-दाखिल पोर्टलवर, म्हणजे ऑनलाइन, भरली. आता १ जानेवारी २०२५ पासून हे काम ई-जागृती पोर्टलवर होतं. आधी मालकाला नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग तक्रार. सोबत दवाखान्याची बिलं, केसपेपर, फोटो, पत्राची पोच, बापूंचं शपथपत्र. दरम्यान मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज देऊन त्या गावच्या नगरपरिषदेतून कार्यालयाचा मंजूर नकाशा मागवला. नकाशात जेवणाची शेड नव्हतीच. ती जागा उघडं पार्किंग म्हणून दाखवलेली होती, म्हणून त्या तीन पायऱ्याही नकाशात नव्हत्या. आमच्या भागात जुन्या-नव्या अनेक कार्यालयांत हे चालतं. मोकळ्या जागेवर पत्रा टाकायचा, खाली फरशी करायची आणि जेवणाची जागा म्हणून भाड्यानं द्यायची. अशा जागेचा जिना कुणी इंजिनिअर तपासत नाही.

मालकाचा लेखी खुलासा मुदतीच्या अगदी टोकाला आला. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस, आणि आयोगानं दिले तर आणखी पंधरा. त्यापुढे खुलासा घेताच येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये ठरवून टाकलं आहे. खुलाशात जे म्हटलं होतं त्याचं सार असं: आई ग्राहक नाही, तक्रार धुळ्याला करायला हवी होती, पाणी केटररनं सांडलं, आमचा संबंध नाही, आईचं वय आणि ठिसूळ हाडं हे खरं कारण, आणि शेवटी, हॉलच्या दाराशी पाटी लावलेली आहे की "कोणत्याही अपघातास अगर नुकसानीस मालक जबाबदार राहणार नाहीत."

पहिल्या दोन मुद्द्यांचं उत्तर कायद्यातच होतं. बाकीच्यांवर मात्र खरा वाद झाला.

केटररला आम्ही दुसरा सामनेवाला, म्हणजे तक्रारीतला दुसरा विरुद्ध पक्ष, केलं. त्यानं येऊन सांगितलं की पाण्याचं टेबल कुठे मांडायचं ते कार्यालयाचा मॅनेजर ठरवतो, कारण थंड पाण्याच्या मशीनचं बटण तिथेच आहे. हे त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मालकाच्या छापील नियमानं ते पक्कं झालं. बाहेरचा केटरर चालत नसेल तर आतला केटरर कुणाच्या हुकुमानं चालतो? एकमेकांवर ढकलण्याचा हा प्रकार प्रत्येक अशा प्रकरणात होत असणार. सोसायटीत ठेकेदारावर ढकलतात, दुकानात सफाईवाल्या एजन्सीवर, मॉलमध्ये सिक्युरिटीवर. येणाऱ्या माणसाला यांच्यातले आपसातले करार माहीत नसतात आणि माहीत असण्याची गरजही नसते.

पाटीच्या मुद्द्यावर वकीलसाहेबांनी २०१९ च्या एका निकालाचा दाखला दिला. दिल्लीच्या एका हॉटेलात १९९८ मध्ये पाहुण्यानं गाडीची किल्ली पार्किंगच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या टॅगवर "पाहुण्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर" अशा अर्थाचं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील अटीनं झटकता येणार नाही. ते प्रकरण गाडीचं होतं, आमचं माणसाचं. गाडीसाठी जे चालत नाही ते माणसाच्या हाडासाठी कसं चालेल, एवढाच आमचा युक्तिवाद होता.

वयाच्या मुद्द्यानं मला सर्वांत जास्त चीड आली. लग्नात म्हातारी माणसं येणारच. आजी-आजोबांना, मामा-मावश्यांना बोलावल्याशिवाय आपल्याकडे लग्न होत नाही. मग कार्यालयाची जागा तरुण, धडधाकट माणसांच्याच बेतानं कशी बांधता? नुकसान करणाऱ्याला समोरचा माणूस जसा असेल तसा स्वीकारावा लागतो, त्याची हाडं नाजूक होती म्हणून जबाबदारी कमी होत नाही, हे कायद्याचं जुनं तत्त्व आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीही पत्र दिलं की आईची हाडं वयाप्रमाणे आहेत आणि हाड मोडलं ते पडल्यामुळेच.

आणि मग व्हिडिओ. ही गोष्ट आम्हाला उशिरा सुचली, पण वेळेत सुचली. लग्नाचं शूटिंग झालं होतंच. बापूंनी त्या व्हिडिओवाल्या पोराला विचारलं, तेव्हा त्याच्याकडे अजून कच्चं फुटेज होतं. एडिट केलेल्या कॅसेटमध्ये जेवणाचे दोनच शॉट होते. कच्च्यात शेडचं बरंच चित्रण होतं. एका तुकड्यात कॅमेरा पंगतीवरून फिरत पायऱ्यांकडे जातो. एक सात-आठ वर्षांचा मुलगा धावत येतो, त्याच पायरीवर सटकून बसकण मारतो आणि हसत उठतो. मागून कार्यालयाचा गणवेश घातलेला एक माणूस येतो, गोणपाट आणून वरच्या पायरीवर टाकतो. पुढच्या तुकड्यात, वीसेक मिनिटांनी, गोणपाट तिथे नाही. कुणीतरी उचलून बाजूला टाकलं होतं, बहुधा फोटोत वाईट दिसतं म्हणून. आई त्यानंतर पडली. पायरी ओली आहे आणि घसरते, हे कार्यालयाच्या माणसाला आधी कळलेलं होतं, हे याहून स्पष्ट कुठल्या साक्षीदारानं सांगितलं नसतं. व्हिडिओवाल्यानं पेन ड्राइव्हसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र दिलं. आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालं आहे. त्याच्या धंद्यावर कार्यालयवाल्यांचा राग होऊ शकला असता, तरी त्यानं सही केली. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आयोगानं मधे आम्हाला मध्यस्थीसाठी पाठवलं. मालक स्वतः आले. दवाखान्याचा अर्धा खर्च देतो, तक्रार मागे घ्या आणि आमची चूक नव्हती असं लिहून द्या, असा त्यांचा प्रस्ताव. आईला मी घरी येऊन सांगितलं. तिनं विचारलं, "दांडी लावणार का?" ते त्यात नव्हतं. मध्यस्थी तिथेच थांबली.

पुढे पुरावा शपथपत्रं, लेखी युक्तिवाद, तारखा. कायद्यात अशा तक्रारी तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं म्हटलं आहे. आमच्या तक्रारीवर दोन पावसाळे गेले. काही तारखांना समोरचे वकील आले नाहीत, काही वेळा कोरमच, म्हणजे आयोगाच्या सदस्यांची लागणारी संख्याच, पूर्ण नव्हता. ज्याला हे करायचं आहे त्यानं हा वेळ धरून चालावं, आणि प्रत्येक तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, बघून ठेवावा.

भरपाई मागताना एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. आई नोकरी करत नाही, त्यामुळे तिचं उत्पन्न बुडालं असं म्हणता येत नव्हतं. पण पडेपर्यंत घरातला स्वयंपाक, नातवंडं, घरामागची भाजी सगळं तिच्यावर होतं, आणि त्यानंतर आम्हाला पगारी बाई ठेवावी लागली. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी एका कंपनीच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात मांडवाला आग लागून ६० माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं बरीच. त्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गृहिणींच्या घरकामाचं मोल महिन्याला तीन हजार रुपये धरलं. तेव्हापासून घरकामाला किंमत नाही असं कुणाला म्हणता येत नाही. तिथेही ती माणसं निमंत्रण घेऊन आलेली पाहुणीच होती.

निकाल २०२५ मध्ये लागला. तक्रार अंशतः मंजूर. दवाखान्याचा आणि औषधांचा खर्च पूर्ण. बाईच्या पगाराच्या नियमित पावत्या नव्हत्या, म्हणून त्यापोटी आयोगाला वाजवी वाटली तेवढी रक्कम. शारीरिक-मानसिक त्रासासाठी वेगळी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. मालक आणि केटरर यांनी वैयक्तिक व संयुक्तरीत्या द्यायचं, म्हणजे आम्हाला दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण वसूल करता येईल, त्यांनी आपसात बघून घ्यावं. आणि पायऱ्या एकसारख्या करून कठडा व न घसरणारी पट्टी बसवावी, त्याचे फोटो शपथपत्रासोबत दाखल करावेत, असा आदेश. त्रासाच्या रकमेतून मात्र काही भाग कापला. ओल्या जागेवरून चालताना तक्रारदारानंही काळजी घ्यायला हवी होती, असं कारण दिलं. हे मला पटलेलं नाही. न दिसणाऱ्या पाण्यापासून आणि न कळणाऱ्या अडीच इंचांपासून माणूस काळजी कशी घेणार? आम्ही अपिलाचा विचार केला. पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगात जाता आलं असतं. आई म्हणाली, पुरे. मालकांना अपील करायचं असतं तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागली असती. त्यांनीही केलं नाही. दिलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत, तेव्हा आम्ही वसुलीची दरखास्त टाकायची तयारी केली. आदेश न पाळल्यास कैदेपर्यंतची तरतूद आहे, हे वकीलसाहेबांनी पत्रात लिहिलं, आणि रक्कम आईच्या खात्यात जमा झाली. फोटोही दाखल झाले. स्टीलचा कठडा दोन्ही बाजूंना आहे.

या सगळ्यात मी माझ्या स्वतःच्या जागेकडेही वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. अमळनेरात आमची छोटी इमारत आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर शिकवणी वर्ग, दोन्ही भाड्यानं. संध्याकाळी साठ-सत्तर पोरं त्या जिन्यावरून चढतात-उतरतात. जिन्यातला दिवा क्लासच्या मीटरवर होता. क्लास बंद झाला की जिना अंधारात आणि खालचं दुकान मात्र उशिरापर्यंत चालू. जिना माझ्या ताब्यात, दिवा भाडेकरूच्या हातात. तो मी माझ्या मीटरवर घेतला. भाडेकराराचं नूतनीकरण आलं, तेव्हा त्यात लिहून काढलं की जिना, कठडा, गच्चीचं दार आणि जिन्यातले दिवे यांची देखभाल मालकाची. वर्गाच्या आतली फरशी, वायरिंग आणि पाण्याची सोय भाडेकरूची. क्लासच्या सरांनी विचारलं, असं वाटून घेतलं की तुम्ही मोकळे का? मी नाही म्हणालो. हे आपल्या दोघांतलं वाटप आहे. उद्या एखाद्या मुलाला लागलं तर त्याचे आईबाप आपल्या दोघांनाही विचारू शकतात.

सध्या आमचं बोलणं आगीच्या उपकरणांवर अडलं आहे. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा ही जबाबदारी मालक किंवा ताबेदारावर टाकतो, आणि बसवलेली उपकरणं चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं नमुना 'ब' मधलं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. एजन्सीचे पैसे कुणी भरायचे यावर सर आणि मी अजून एकमत झालेलो नाही. तोवर जुलैचे मी भरले आहेत. जानेवारीचे निम्मे-निम्मे करू, असं त्यांनी परवा फोनवर सांगितलं.